घाटावरचे सोडे

श्रावण लागायला चार दिवस होते आणि सासूबाई अलिबागहून लोणावळ्याला आल्या होत्या. बाहेर आमच्याकडचा पाऊस, म्हणजे समोरची इमारतही दिसत नाही असा. रात्री जेवायला काय करू, विचारलं तर म्हणाल्या, "काहीही कर गं. घाटावर मासळी कसली मिळणार?" मग हसून पुढे, "तुम्हा घाटावरच्यांना मासळीची चव कळली ती आगगाडी आल्यावर. बोंबलाला उगाच नाही बॉम्बे डक म्हणत. डाकगाडीतून वर यायचे ते."

त्या 'घाटी' म्हणाल्या नाहीत, कधी म्हणतही नाहीत. पण मुंबईच्या ऑफिसात तो शब्द मी इतक्यांदा ऐकलाय, की 'घाटावरच्यांना' म्हटलं तरी तोच ऐकू येतो. मी काही बोलले नाही. स्वयंपाकघरात गेले आणि सोडे कोमट पाण्यात भिजत घातले.

सोडे म्हणजे सोललेली, उन्हात वाळवलेली कोळंबी. भिजायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मनातल्या मनात भांडायचं ठरवलं.

पहिला मुद्दा बोंबलाचा. मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली १८५३ साली. बॉम्बे डक हे नाव मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या इंग्रजी लिखाणात सापडतं. म्हणजे डाकगाडीची गोष्ट ऐकायला छान असली, तरी नाव गाडीपेक्षा जुनं आहे.

दुसरा मुद्दा घाटाचा. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी आली १८५८ साली. खालून खोपोलीपर्यंत ती १८५६ सालीच पोचली होती. मधला बोरघाट मात्र तसाच. पुढची पाच वर्षं मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस खोपोलीला उतरायचा, पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडी पकडायचा. घाटातून रूळ जोडले गेले ते १८६३ साली. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल आणि सदतीस फुटांना एक फूट असा चढ. १८६१ च्या जानेवारीत या कामावर बेचाळीस हजारांहून जास्त मजूर होते. पहिल्या कंत्राटदाराच्या काळात थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला आणि त्याने काम सोडलं. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, १८५९ मध्ये इथे येऊन काही आठवड्यांतच वारला. पुढचं कंत्राट त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, पुरं करून घेतलं. तिचं नाव निदान कागदावर राहिलं. पटकीने आणि दरडीखाली मेलेल्या मजुरांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

पण त्या आधी घाट बंद होता का? बैलगाडीचा रस्ता १८३० साली खुला झाला, गव्हर्नर माल्कमच्या काळात. त्याच्याही आधी लदाऊ बैल होते. कोकणातून मीठ वर यायचं, घाटावरचं धान्य खाली जायचं. आणि मिठाबरोबर सुकी मासळी. यात साधा हिशेब आहे. ताजा मासा दिवसभरात नासतो आणि त्याच्या वजनात पाणीच जास्त. वाळवला की वजन उतरतं आणि महिनोन् महिने टिकतो. बैलाच्या पाठीवरून घाट चढायला याहून सोयीचं काय?

सोडे फुगले होते. एकेकाच्या पाठीतला काळा दोरा काढत बसले.

हा दोरा काढायला मला शिकवलं आजीने. पवनेच्या खोऱ्यातल्या आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात सुकट, थोडे बोंबील आणि एखाद्या वर्षी परवडलेच तर मूठभर सोडे. पावसात भातखाचरांतले खेकडे आणि पहिल्या पाण्याला चढणीचे मासे. बाकी तो डबाच. सासूबाईंना हे मी लग्नाच्या सहा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. सुकट ही आमच्याकडे अडचणीच्या दिवसांची भाजी होती. शाळेत डब्याला दिली की मी झाकण अर्धवट उघडून खायची. आम्ही घाटावरचे, आम्हाला मासळीतलं कळत नाही, हे ऐकून घेणं त्यापेक्षा सोपं वाटायचं.

कुकरमध्ये कांदा परतला, आलं-लसूण, हळद, तिखट, बटाट्याच्या फोडी, मग सोडे. वास सुटल्यावर तांदूळ टाकला. इंद्रायणी. हा तांदूळ म्हणजे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचं काम. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार झालेला हा वाण १९८७ साली शेतकऱ्यांपर्यंत आला. आंबेमोहोराचा वास आणि त्याच्याहून जास्त उतारा. आजी त्याला शेवटपर्यंत 'नवा तांदूळ' म्हणायची. तो चिकट होतो, म्हणून पाणी दुपटीला थोडं कमीच घालायचं. बोलता बोलता माझा अंदाज चुकला आणि पूर्ण दुप्पट पडलं.

बोलता बोलता, कारण सासूबाई आत येऊन ओट्याशी उभ्या होत्या. "सोडे कुठले?"

"इथल्याच बाजारातले. आमच्याकडे पहिल्यापासून असतात." आणि मग डब्याची गोष्ट सांगून टाकली.

त्या काही बोलल्या नाहीत. उद्या त्यांना कार्ल्याला जायचं होतं. एकवीरा त्यांची कुलदेवी. चैत्रात समुद्रकाठची कोळी-आगरी माणसं पालख्या घेऊन तो डोंगर चढतात. दर्याच्या लोकांची देवी घाटावर कशी, हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा. देवळाला लागूनच लेणं आहे, देशातल्या सर्वात मोठ्या चैत्यगृहाचं. तिथल्या शिलालेखांत आपल्या मावळचं नाव 'मामाल' असं येतं. खांब दान देणाऱ्यांत एक जण सोपाऱ्याचा आहे, म्हणजे थेट बंदरावरचा. आणि नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचं गाव दान दिलं, ते लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या साधूंसाठी, कोणत्याही पंथाचे असोत. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची पावसाळ्याची बेगमीच ती. समुद्र आणि हा डोंगर यांच्यातली वाट तेव्हाही चालती होती.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "पण ताजी मासळी? ती तर गाडीनेच आली ना?"

ते खरं होतं. ताज्या माशाला बर्फ लागतो आणि वेग लागतो. आगगाडी नसती तर तो इथवर कसा टिकला असता? माझ्या लहानपणीही पापलेट आणलं की घरी पाहुणे आहेत हे शेजाऱ्यांना कळायचं. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, त्यानंतर माझ्या ओळखीच्या घरांतून पापलेटाचं अप्रूप हळूहळू गेलं. मी मान्य केलं.

"आणि आत्ता बघ," त्या म्हणाल्या, "जून-जुलैत होड्या बंद. या दिवसांत आमच्याकडेही डबाच उघडतात. माझी आई मडक्यात ठेवायची, वर मिठाचा थर."

खिचडी वाढली. पाणी जास्त झाल्याने जरा गिचका झाली होती. वरून खोबरं, कोथिंबीर आणि लिंबू. सासूबाईंनी पहिला घास घेतला.

"भात मऊ झालाय."

"हो, पाणी चुकलं."

"सोडे चांगले आहेत." थोड्या वेळाने त्यांनी ताट पुढे केलं. "वाढ अजून. आणि परवा निघताना बाजारात थांबू. मला पाव किलो हवेत."

अलिबागला न्यायला, लोणावळ्याहून.