स्टोल्परश्टाइन
नाझी छळाला बळी पडलेल्यांच्या राहत्या घरासमोर पदपथात बसवलेला, वर पितळी पत्रा असलेला १० सेंमी. चौरस स्मृतिदगड. गुंटर डेमनिग या जर्मन कलावंताने १९९२ मध्ये कोलोनला हे काम सुरू केले. पत्र्यावरच्या मजकुराची सुरुवात ‘येथे राहत होते’ अशी. मग नाव, जन्मवर्ष, पुढची गत. परागंदा झालेल्यांचेही दगड बसतात. असे काही ज्यू भारतात आले. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच इंग्रज सरकारने त्यांतल्या अनेकांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरवून अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) छावणीत डांबले, तेही नाझी समर्थकांच्याच शेजारी! शांतिनिकेतनात इंग्रजी शिकवणारे अ‍ॅलेक्स अ‍ॅरन्सन त्यांतलेच. त्यांच्या सुटकेसाठी रवींद्रनाथ टागोरांनी शब्द टाकला. इतरांसाठी मुंबईच्या ज्यू साहाय्य संस्थेने सरकारदरबारी खटपट केली.