बाटलीच्या बुडाचा सात

दिवाळीच्या साफसफाईत यंदा माळा उपसला. झाकणं हरवलेले प्लॅस्टिकचे डबे, डबे हरवलेली झाकणं, आणि जुन्या दुपट्यात गुंडाळलेली लेकीची दुधाची बाटली. एकेकाळी काचेसारखी लख्ख होती, आता धुरकट झाली आहे. पालथी केली तर बुडाला बाणांचा त्रिकोण आणि आत ७ चा आकडा.

लेक २००३ सालची. तेव्हा सासूबाईंनी चांदीचं बोंडलं घासूनपुसून तयार ठेवलं होतं. मी मात्र बाटलीवर अडून बसले. बोंडल्याने दूध सांडतं, बाळ किती प्यायलं कळत नाही. बाटलीवर मापाच्या रेघा असतात, शिवाय ती उकळता येते! रोज पातेल्यात खळखळून उकळायची मी. त्या काही बोलल्या नाहीत, बोंडलं परत डब्यात ठेवून दिलं. तो त्रिकोण मी तेव्हाही पाहिला होता आणि मनाशी अर्थ लावला होता, की ही काहीतरी खात्रीची खूण असणार. आपण सगळेच असं धरून चालतो, नाही का?

खरी गोष्ट वेगळी आहे. बाणांचा त्रिकोण १९७० सालचा. पहिल्या वसुंधरा दिनाच्या सुमारास अमेरिकेतल्या एका पुठ्ठा कंपनीने स्पर्धा घेतली आणि गॅरी अँडरसन नावाच्या विद्यार्थ्याने हे चिन्ह काढलं. ते होतं कागदासाठी. प्लॅस्टिकवाल्यांनी १९८८ साली तसेच बाण घेतले आणि आत १ ते ७ आकडे घातले. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, ५ म्हणजे आपल्या बहुतेक डब्यांचं पॉलिप्रॉपिलीन. हेतू एवढाच, की कचरा निवडणाऱ्याला प्लॅस्टिकची जात कळावी. वस्तू अन्नासाठी सुरक्षित आहे असं तो आकडा सांगत नाही, आणि तिचा पुनर्वापर होईलच असंही नाही. या गैरसमजामुळेच २०१३ साली नियम बदलून बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण आणला. पण जुने साचे चालूच राहिले, आणि जुने डबे तर आपल्या घरात आहेतच.

आणि ७? ७ म्हणजे 'इतर'. पहिल्या सहांत न बसणारं सगळं. माझी बाटली त्यातल्या पॉलिकार्बोनेटची. हे प्लॅस्टिक १९५३ साली जर्मनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांना वेगवेगळं सापडलं. पडलं तरी फुटत नाही, उकळलं तरी आकार सोडत नाही. ते ज्यापासून बनतं ते रसायन म्हणजे बिस्फेनॉल-ए. हे रसायन शरीरात स्त्री-संप्रेरकासारखं वागतं, हे इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ सालीच दाखवलं होतं! म्हणजे प्लॅस्टिकच्या सतरा वर्षं आधी. पण प्लॅस्टिकमध्ये ते घट्ट बांधलेलं राहतं, अन्नात फारसं उतरत नाही, असं धरून सगळे चालले.

ही समजूत हलली ती एका चुकीने. १९९८ साली अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे पॉलिकार्बोनेटचे पिंजरे कोणीतरी फरशीच्या साबणाने धुतले. त्या क्षाराने प्लॅस्टिक विरघळू लागलं, बिस्फेनॉल-ए सुटलं, आणि उंदरांच्या माद्यांच्या अंडपेशींत दोष दिसू लागले. कारण शोधून, पडताळून निबंध छापून आला तो २००३ साली.

२००३! मी इथे पातेल्यात बाटली उकळत होते ते वर्ष. आणि उकळतं पाणी हेही पॉलिकार्बोनेटमधून ते रसायन सोडवणारं. म्हणजे मी ज्याला काळजी म्हणत होते...

पुढचं भराभर झालं. २००८ साली कॅनडाने अशा दूधबाटल्यांवर बंदी जाहीर केली. २०११ साली युरोपने घातली. अमेरिकेने २०१२ साली परवानगी काढली, पण कारण दिलं ते असं, की कंपन्यांनीच वापर थांबवला आहे. भारतात २०१५ साली दूधबाटल्यांच्या मानकातून पॉलिकार्बोनेट बाद झालं. २०२३ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने या रसायनाची सुरक्षित मानलेली रोजची मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली. इतर देशांच्या सगळ्याच संस्थांना हे मान्य नाही. असो.

लेकीला हे सगळं सांगितलं. ती हसून म्हणाली, "मग मला काय झालं?" तिला काही झालेलं दिसत नाही, आणि एका मुलीकडे पाहून असलं काही ठरवताही येत नाही. पण माझं मन काही लगेच जागेवर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचरा वेचणाऱ्या ताई आल्या. डबे त्यांच्यापुढे ओतले. आकडा त्यांनी एकदाही पाहिला नाही. डबा वाकवायचा, नखाने वाजवायचा, की पोतं ठरलं. बाटली हातात घेऊन टिचकी मारली आणि म्हणाल्या, "ही यांत नको, माल खराब होतो." १९८८ साली ज्या कामासाठी आकडे काढले ते काम या बाई कानाने करतात. त्या डब्यांचं पुढे काय होतं विचारलं, तर म्हणाल्या, बादल्या, कुंड्या. बरोबरच आहे. जुन्या प्लॅस्टिकच्या डब्या-पिशव्यांत खाद्यपदार्थ देऊ नयेत असा नियम आपल्याकडे १९९९ पासून होता. पेटच्या बाबतीत २०२२ साली अटींवर वाट मोकळी झाली, ती सोडली तर आपला डबा पुन्हा डबा होऊन स्वयंपाकघरात यायचा नसतो.

आता घरात साधी वाटणी केली आहे. डाळी, रवा, पोहे प्लॅस्टिकमध्ये. गरम आमटी, तेल, लोणचं स्टीलमध्ये नाहीतर काचेत. चरे पडलेला डबा सरळ भंगारात.

बोंडलं अजून आहे, सासूबाई नाहीत. काल ते काढून चिंचेने घासलं. बाटली मात्र अजून ओट्यावरच आहे, कुठल्या पोत्यात टाकायची ते ठरत नाहीये. तुमच्या माळ्यावरही असेल एखादी. पालथी करून बघा.