नाणेघाट : एका वाटेची पूर्वतयारी

चार दिवसांची मोकळीक काढून, सायकली, पाठपिशव्या आणि तंबू बरोबर घेऊन सह्याद्रीच्या रानात शिरू पाहणारी मंडळी प्रथम नकाशा पसरून बसतात. चाके कोणत्या रस्त्याने न्यावयाची, ती कोणत्या गावी ठेवून पायी निघावयाचे, रात्रीचा तळ कोठे टाकावयाचा आणि तेथे पाणी लाभेल की नाही, या प्रश्नांचा खल रात्री उशिरापर्यंत चालतो आणि ते प्रश्न जणू आपल्यालाच प्रथम पडले आहेत असे प्रत्येकाला वाटते. वस्तुतः कोकणातून देशावर चढणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला हेच प्रश्न पडत आले आहेत. आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यांनी, व्यापाऱ्यांनी व भिक्षूंनी मिळून त्यांना जे उत्तर दिले, ते जुन्नरच्या पश्चिमेस, घाटघर गावाजवळच्या खिंडीत आजही दगडात कोरलेले आहे. त्या उत्तराचे नाव नाणेघाट.

कल्याण आणि सोपारा ही प्राचीन बंदरे एका अंगाला, पैठण व तेर या देशावरच्या पेठा दुसऱ्या अंगाला, आणि मध्ये हजार-दोन हजार फुटांचा ताशीव कडा, अशी या व्यापाराची भूमी होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक भाषिक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात कल्याणचा उल्लेख आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या अंतरावर, आणि तेथून पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या अंतरावर तेर, असा हिशेबही त्यात दिला आहे. हे अंतर कोसांत किंवा योजनांत नव्हे, दिवसांत सांगितले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याला बैलांच्या पाठीवर माल लादून रानातून जावयाचे आहे त्याच्या दृष्टीने कोसांना फारसा अर्थ नसतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जनावर किती चालेल आणि ते जेथे थांबेल तेथे त्याला पाणी व वैरण मिळेल काय, एवढेच त्याचे भूमापन. ‘मजल’ या आपल्या शब्दात हेच माप साठवलेले आहे.

वैशाखऱ्याच्या बाजूने रान तुडवीत दोन-तीन तास चढून गेल्यावर, जेथे वाट अरुंद घळीत शिरते आणि पायाखाली दगडी पायऱ्या लागतात, तेथेच एक प्रशस्त लेणे कोरलेले आहे. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख त्याच्या भिंतींवर आहे. अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची नामावळी आणि त्या प्रसंगी दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, गावे व कार्षापणे यांची गणना त्यात आहे. समोरच्या भिंतीवर राजकुलातील व्यक्तींचे पुतळे होते. त्यांपैकी आज केवळ पावलांच्या खुणा आणि माथ्यावरची नावे एवढेच उरले आहे. १८२८ साली कर्नल साइक्स यांनी या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या साक्षेपी संशोधकाने तो वाचून त्याचा अर्थ लावला. तेव्हापासून इतिहासकारांची दृष्टी साहजिकच यज्ञांवर, वंशावळीवर आणि लेखातील अंकचिन्हांवर खिळून राहिली. परंतु पायी चढून आलेल्या माणसाची दृष्टी प्रथम त्या भिंतींवर जात नाही. ती जाते लेण्याच्या अवतीभवती खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांकडे. राजघराण्याने आपल्या वैभवाची नोंद एखाद्या राजधानीत न ठेवता या आडरानातल्या खिंडीत का ठेवली, याचे उत्तर त्या टाक्यांपाशी मिळते. येथे प्रत्येक तांडा थांबणारच होता, कारण येथे पाणी होते; आणि जेथे प्रत्येकाला थांबावे लागते, तेथे लिहिलेले प्रत्येकाच्या दृष्टीस पडते.

घाटमाथ्यावर एक अवाढव्य दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे परंपरा सांगते, आणि घाटाच्या नावाचा उगमही लोक तेथेच दाखवतात. परंपरेचा तपशील कसाही असो, ज्या वाटेवर हशील घेतले जाते त्या वाटेचे संरक्षण करण्याचे उत्तरदायित्व हशील घेणाऱ्यावर येते. पुढील शतकांत जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी या किल्ल्यांनी हा परिसर नजरेखाली ठेवला, तोही याच नात्याने. रान निर्जन होते, पण वाट बेवारस नव्हती.

पाण्याच्या सोयीला त्या काळी केवळ सोय मानीत नसत; ते पुण्यकर्म होते. प्राकृत लेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढी दान दिल्याचा लेख आहे. समुद्रापलीकडच्या कुळातला हा गृहस्थ कोणता माल घेऊन आला, त्याला नफा किती झाला, याची नोंद कोठेही नाही. परंतु त्याने तहानलेल्यांसाठी खडक फोडून पाणी साठवले, एवढ्यावरून त्याचे नाव दोन सहस्र वर्षे टिकले. पावसाचे चार महिने घाट बंद असत, तेव्हा भिक्षू लेण्यांत वर्षावास करीत. पाऊस सरला की वाटा खुल्या होत आणि भरलेली टाकी वाटसरूंची वाट पाहत. निसर्गाने जे चार महिन्यांत धो धो दिले ते आठ महिने पुरवून वापरावयाचे, हाच या वाटेच्या आखणीचा पाया होता.

तीच परंपरा पुढे लमाणांच्या तांड्यांनी चालवली. कोकणचे मीठ वर, देशावरचे धान्य खाली, अशी बैलांची ये-जा दसऱ्यानंतर सुरू होई ती पावसाच्या तोंडापर्यंत. कोणत्या नाळेतून लादलेला बैल उतरतो आणि कोणत्या नाळेतून केवळ माणूस, कोणते टाके शिमग्यापर्यंत पुरते आणि कोणत्या झऱ्याला वैशाखातही धार असते, ही माहिती कोणत्याही दप्तरात लिहिलेली नव्हती. ती लमाणांच्या आणि घाटमाथ्यावरच्या महादेव कोळ्यांच्या स्मरणात होती. ती विद्या ज्याच्या बाजूला असे त्याला घाट साथ देई. १६६१ साली शायिस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान कोकणात उतरण्यासाठी कुरवंड्याच्या घाटाने मोठे सैन्य घेऊन निघाला. उंबरखिंडीच्या दाट रानात, अरुंद वाटेवर फौजेची रांग लांबवर पसरली असता शिवाजी महाराजांच्या लोकांनी तिला दोन्ही अंगांनी कोंडले. शस्त्रे होती, खजिना होता, पण वाटेचे ज्ञान नव्हते. अखेर खंडणी देऊन खानाला मागे फिरावे लागले. रानातल्या प्रवासात सामानाचे ओझे ही तयारी नव्हे, हा धडा याहून स्पष्टपणे क्वचितच कोणाला मिळाला असेल.

घाटांचा हा जुना संसार मोडला तो चाकाने. १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून पंचवीस बोगदे खोदून लोहमार्ग वर चढला, आणि १८६५ मध्ये थळघाटातही आगगाडी आली. बोरघाटातली वाट इंजिनीअरांना एका धनगराने दाखवली असे लोक सांगतात आणि शिंग्रोबाच्या देवळापाशी त्याला आजही नमस्कार करतात. या कथेत मला एक गाढ कृतज्ञता दिसते. नव्या विद्येने जुन्या विद्येचे ऋण मान्य केल्याची ती खूण आहे. पाऊल पाण्याकडे पाहून वाट काढते, चाक चढणीकडे पाहून. पावलाला तीव्र चढ चालतो, पण कोरडा मुक्काम चालत नाही; चाकाला कोरडा मुक्काम चालतो, पण चढ सौम्य लागतो. म्हणून लोहमार्गाच्या आखणीत सदतीस फुटांस एक फूट या चढाची मर्यादा होती, आणि टाक्यांना स्थान नव्हते. माल चाकाकडे गेला, आणि नाणेघाटाची जकात, चौकी व वर्दळ संपून तेथे वारा आणि माकडे उरली.

आज त्या वाटेवर पुन्हा माणसे येतात. माळशेजच्या वळणांनी सायकल चढवावी, जुन्नरच्या अंगाने वळसा घेऊन घाटघरला यावे, तेथे चाके ठेवून नाणेघाटाच्या माथ्यावर रात्र काढावी आणि पहाटे पायऱ्यांनी कोकणात उतरावे, असा बेत आखणाऱ्याच्या एका प्रवासात चाकाचे व पावलाचे असे दोन्ही युगांचे मार्ग जुळून येतात. अशा बेतात मला मोठा आनंद वाटतो. परंतु त्यासोबत एक कर्तव्यही येते, ते स्पष्ट बोलावयास हवे. टाक्याच्या काठी भांडी घासून राख व उष्टे पाण्यात सोडणारा, भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांशेजारी स्वतःचे नाव खरवडणारा आणि गावातल्या वाटाड्याच्या मजुरीवर घासाघीस करणारा प्रवासी, कितीही मैल चालला तरी, या वाटेचा वारस ठरत नाही. टाक्यातून लागेल तेवढे पाणी तांब्याने काढून घ्यावे, भांडी दूर नेऊन घासावी, मुखाशी साचलेला पालापाचोळा उपसून टाकावा आणि मग पुढे निघावे. इरिलाने खडक खोदला. आपल्या वाट्याला केवळ पाणी निर्मळ ठेवणे आले आहे. मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी तेवढे करणे, हा या वाटेवरचा सर्वांत जुना शिरस्ता आहे.