अनोळखी वाद्यांचा मेळ

तेल्हाऱ्याच्या पंचक्रोशीत संध्याकाळी कुठे भजन सुरू झाले की खंजिरीचा नाद आधी कानी येतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) हे इवलेसे वाद्य वऱ्हाडच्या खेड्याखेड्यांत नेले. आज ते येथे कोणालाही परके वाटत नाही. पण त्याच भजनात कोणी सॅक्सोफोन घेऊन बसला तर? मंडळी चमकतील, वडीलधारे नापसंतीने मान हलवतील. वाद्य परके केव्हा ठरते आणि आपले केव्हा होते? या प्रश्नाचे एक उत्तर साठ वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये सापडते. त्या कथेत मुंबईचे आणि गोव्याच्या मुळाचे कलावंत आहेत, म्हणून ती आपल्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लीन्स शहरात ते नावारूपास आले. तीसच्या दशकात ते मुंबईच्या हॉटेलांत पोहोचले आणि गोव्याच्या अनेक ख्रिस्ती वादकांनी ते आपलेसे केले. चर्चच्या शाळेत मेस्त्रीच्या छडीखाली गिरवलेले स्वरलेखन तेथे त्यांच्या उपयोगी पडले.

अशाच एका शाळेत आणखी एक मुलगा घडला. जो हॅरियट हे त्याचे नाव. १९२८ साली जमैकात जन्मलेला हा पोरका मुलगा किंग्स्टन येथील ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ या धर्मभगिनींच्या आल्फा बॉईज स्कूलमध्ये वाढला आणि तेथेच क्लॅरिनेट शिकला. १९५१ साली तो इंग्लंडला गेला. १९६० च्या सुमारास त्याने धाडसी प्रयोग आरंभिला. जॅझमध्ये स्वरसंघातांची एक ठरलेली मालिका असते. वादक तिच्या आधाराने उत्स्फूर्त वादन करतो. हॅरियटने तो आधारच प्रसंगी काढून घेतला. ठरलेली मालिका नाही, ठरावीक मात्रांचे बंधन नाही. वादकांनी एकमेकांचे ऐकावे आणि उत्तर द्यावे. ‘फ्री फॉर्म’ या नावाने ही ध्वनिमुद्रिका निघाली. रसिक गोंधळले, पण हॅरियट मागे हटला नाही.

कलकत्त्याचे जॉन मेयर तेव्हा लंडनमध्ये व्हायोलिनवादक व रचनाकार म्हणून काम करीत होते. १९६५ साली या दोघांनी ‘इंडो-जॅझ सूट’ ध्वनिमुद्रित केले. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो यांच्या शेजारी सतार, तबला आणि तंबोरा आले. तबल्यावर मुंबईचे केशव साठे होते, तर तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर. तंबोरा दिसायला सर्वांत साधा, पण त्यानेच सर्वांत मोठा बदल घडविला. तो अखंड षड्ज धरून राहतो, त्यामुळे स्वरसंघातांची बदलती मालिका त्याच्यासमोर टिकू शकत नाही. जॅझवादकांना एकाच स्थिर स्वरावर उभे राहून विस्तार करावा लागला. मेयर रागाचे स्वर लिहून देत. त्यांवर वादकांनी चढत जावे, अशी योजना होती.

हा मेळ निर्दोष होता असे आम्ही म्हणणार नाही. रागाचे स्वर हाती आले म्हणजे राग आला असे होत नाही. चलन, न्यास, मींड यांना वर्षांची तालीम लागते. कित्येकदा दोन पंगती शेजारी बसल्या, पण ताटे वेगळीच राहिली. तरीही हे वादक एकत्र बसले, हे विसरता येत नाही. १९६७ साली केशव साठे जर्मनीत सतारवादक दिवाण मोतिहार आणि तंबोरा धरणाऱ्या कुसुम ठाकूर यांच्यासह मुक्त जॅझच्या पियानोवादिका इरेन श्वाइत्झर यांच्या संचाबरोबर वाजले. ‘जॅझ मीट्स इंडिया’ हे त्याचे फलित.

मुंबईत १९३६ साली गोवेकर कुटुंबात जन्मलेले गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा यांनी तंबोराही शेजारी घेतला नाही. त्यांनी गिटारच्याच तारांतून आपल्याकडचा स्वरविलास काढला. १९६९ साली त्यांनी हॅरियटबरोबर ‘हम दोनो’ ही ध्वनिमुद्रिका केली. तीत एक रचना गोव्याच्या नावाची आहे. आमच्या मते येथे मेळ खरा जमला, कारण दोन्ही संगीते एकाच हातात नांदत होती.

जगाने मात्र त्यांची कदर उशिरा केली. हॅरियट १९७३ च्या जानेवारीत विपन्नावस्थेत वारला. डिसिल्वा १९९६ साली गेले. त्यांनी १९७२ साली ध्वनिमुद्रित केलेले ‘कोंकण डान्स’ लोकांपुढे आले ते २००६ साली!

याच दशकात चर्चनेही वाद्यांचा प्रश्न हाती घेतला होता. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संविधान घोषित केले. पवित्र उपयोगाला योग्य अशी इतर वाद्येही उपासनेत यावीत आणि लोकांच्या संगीतपरंपरेला मान मिळावा, असे त्यात म्हटले आहे. पुढे तबला-पेटी वेदीजवळ आली तेव्हा कुरकुर झाली. गुरुविद्यालयात असताना ती आम्हीही ऐकली आहे. आज त्याच तबल्याविना आपली मिस्सा सुनी वाटते.

वाद्य परके नसते. त्याला अद्याप कोणी बसायला जागा दिलेली नसते, इतकेच. वाचकहो, आपल्या गायनमंडळाच्या दारात एखादा मुलगा अनोळखी वाद्य घेऊन उभा राहिला, तर त्याला परत पाठवू नये. थोडे सरकून बसावे. हॅरियटलाही लहानपणी कोणा धर्मभगिनीने क्लॅरिनेट हाती दिलेच होते.