महासाथीच्या काळात मधुमेही नोकरदारांनी घ्यावयाची काळजी

महासाथ आली म्हणून सर्वांनाच घरी बसणे शक्य नसते. रुग्णालयातील परिचारिका, बँकेतील रोखपाल, एसटीचे वाहक, औषधविक्रेते, सफाई कामगार यांना कामावर जावेच लागते. यांपैकी अनेकांना मधुमेह असतो आणि नोकरीवर परिणाम होईल या भीतीने काही जण तो कार्यालयात सांगतही नाहीत. साथीच्या काळात ही लपवाछपवी जिवावर बेतू शकते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यामुळे हा प्रश्न मूठभरांचा नाही.

धोका नेमका कशामुळे?

मधुमेह असला म्हणून संसर्ग लवकर होतोच असे नाही. मात्र, संसर्ग झाल्यास तो गंभीर रूप धारण करण्याची शक्यता वाढते. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम मंदावते. सोबत उच्च रक्तदाब, स्थूलता किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर धोका आणखी वाढतो. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीतही मधुमेहींची गणना जोखमीच्या गटात झाली होती. त्या साथीतील देशातील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९मध्ये पुण्यात झाला होता. २०२०मध्ये आलेल्या करोनाच्या महासाथीत हाच अनुभव अधिक मोठ्या प्रमाणावर आला.

याचाच दुसरा अर्थ असा, की साखर आटोक्यात असलेल्या मधुमेहीचा धोका बराच कमी असतो. मास्क आणि हात धुणे जितके महत्त्वाचे, तितकेच वेळेवर जेवण आणि औषधही महत्त्वाचे आहे.

कार्यालयात काय सांभाळावे?

साथीच्या काळात सर्वाधिक गैरसोय होते ती जेवणाच्या सुट्टीत. डबा खाताना मास्क काढावाच लागतो. त्यामुळे गर्दी टाळण्यासाठी काही जण जेवण पुढे ढकलतात. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी असे मुळीच करू नये. जेवणाची वेळ तीच ठेवून जागा बदलावी. खिडकीजवळ, मोकळ्या हवेत, शक्यतो एकट्याने जेवावे.

साखर ७० मिलीग्रॅमच्या खाली गेल्यास दरदरून घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसतात. मास्कमुळे किंवा संरक्षक पोशाखामुळे होणारा त्रास समजून त्यांकडे दुर्लक्ष होऊ शकते. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. चॉकलेटमधील स्निग्धांशामुळे त्यातील साखर रक्तात उशिरा मिसळते, म्हणून त्यावर विसंबू नये. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही न देता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

बोटातून रक्त घेऊन साखर तपासण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. बोटाला फळाचा रस लागलेला असला किंवा सॅनिटायझर ओला असला, तर आकडा चुकू शकतो. टेबलाच्या खणात ग्लुकोज, तपासणी यंत्र आणि औषधांची यादी असावी. आपल्याला मधुमेह आहे आणि प्रसंगी काय करायचे, हे किमान एका सहकाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

ताप आल्यास

ताप अंगावर काढून कामावर जाऊ नये. जेवण कमी झाले तरी संसर्गामुळे साखर वाढू शकते. म्हणून इन्शुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये. दर चार तासांनी साखर तपासावी आणि पुरेसे पाणी प्यावे. उलट्या-जुलाब होत असल्यास मधुमेहाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात; तो निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. धाप लागणे, सतत उलट्या, गुंगी किंवा प्राणवायूची पातळी ९४ टक्क्यांखाली जाणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

स्टेरॉइड औषधांनी साखर वाढते, त्यामुळे ती केवळ वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावीत. २०२१च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराने राज्यात अनेकांना ग्रासले. त्यात अनियंत्रित मधुमेह असलेल्यांचे प्रमाण मोठे होते. चेहऱ्याची एक बाजू दुखणे, नाकातून काळपट स्राव, दात हलणे किंवा धूसर दिसणे ही त्याची लक्षणे आहेत.

व्यवस्थापनाची जबाबदारी

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या मे २०२०मधील सूचनांत सहव्याधी असलेल्यांनी अत्यावश्यक कारणांखेरीज घरीच राहावे, असे म्हटले होते. लसीकरणातही मार्च २०२१पासून ४५ ते ५९ वयोगटातील ठरावीक सहव्याधीग्रस्तांना प्राधान्य मिळाले. अशा सवलती मिळण्यासाठी आजाराची नोंद असावी लागते. मात्र, आजार सांगितल्याने नोकरी धोक्यात येणार नाही, हा विश्वास व्यवस्थापनाने आधी द्यायला हवा. गर्दीच्या खिडकीऐवजी आतले काम, जेवणासाठी निश्चित वेळ आणि तापात विनातक्रार रजा या गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

करोनाची जागतिक आणीबाणी मे २०२३मध्ये संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी नियमित करणे, तसेच फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींविषयी डॉक्टरांचा सल्ला घेणे, ही तयारी मात्र आजही करता येते. साथ आल्यावर साखर आटोक्यात आणण्याची धावपळ करण्यापेक्षा ती आधीपासूनच आटोक्यात ठेवणे केव्हाही श्रेयस्कर!