वकिलीच्या दारातील परीक्षा

चैत्री पौर्णिमेला हिंजवडीहून म्हातोबाचे बगाड वाकडला येते. गेल्या वर्षी त्याच संध्याकाळी गर्दीतून वाट काढीत आमच्या युनियनमधील एक कंत्राटी कामगार आपल्या मुलीस घेऊन आमच्या दारी आला. मुलगी नववीत. तिला वकील व्हायचे आहे, आणि बारावीनंतर जी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते तिच्या तयारीला तिने आतापासूनच लागायचे ठरविले आहे. बापाचे म्हणणे एवढेच, "अण्णा, अजून दहावी व्हायची आहे. इतकी घाई कशाला? आणि क्लासची फी ऐकली का तुम्ही?" आम्ही त्या वेळी दिलेले उत्तर अपुरे होते. ते पुरे करावे म्हणून आजचा विषय घेतला आहे.

आम्ही स्वतः कायद्याचे पदवीधर नाही. दहावीनंतर कारखान्यात लागलो आणि कायदा शिकलो तो आरोपपत्रे व खातेचौकशीचे कागद वाचता वाचता. तेव्हा श्रोत्यांनी यात विद्वत्ता शोधू नये.

दाराशी परीक्षा ठेवण्याची चाल जुनी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. ही मॅट्रिक म्हणजे वस्तुतः विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाच होती. तीत उतरलेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे १८६२ साली ते बी. ए. झाले व १८६६ साली एल्‌एल. बी. मॅट्रिक ते कायद्याची पदवी, मध्ये सात वर्षे. हा झाला हमरस्ता.

परंतु एक आडवाटही होती. जिल्हा वकिलीची परीक्षा पदवीवाचून देता येत असे. आपल्याच मुंबई इलाख्यातील वल्लभभाई पटेल १८९७ साली, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाले. कॉलेजचा खर्च झेपणारा नव्हता. त्यांनी वकील मंडळींकडून पुस्तके उसनी आणली, घरी अभ्यास केला, १९०० साली परीक्षा दिली आणि गोध्र्यास वकिली मांडली. विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले ते फार पुढे. इकडे पुण्यात १८९०च्या सुमारास अशाच वकिली परीक्षांसाठी लोकमान्य टिळकांचा लॉ क्लास चाले, आणि त्यांच्या चरितार्थास त्याचा हातभार लागे. तेव्हा क्लास ही काही आजकालची टूम नव्हे. त्या बापास हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "टिळक शिकवत असतील तर मी कर्ज काढतो." यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

दार उघडूनही आत घेतले जात नसे, हेही त्याच काळातले. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, १८९७ साली मुंबईची एल्‌एल. बी. केली, परंतु स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा व्हायला १९२३ साल उजाडावे लागले. पुण्याचे विधी महाविद्यालय त्याच्या पुढच्याच वर्षीचे, १९२४चे.

१९६१च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनंतर ती आडवाट बुजली. नव्या वकिलाला पदवी हवीच, असे ठरले. पक्षकाराच्या दृष्टीने हे गैर झाले असे आम्ही म्हणणार नाही. मात्र गरिबाच्या हुशार पोराची एक वाट गेली हेही खरे. पदवी म्हणजे आधी बी. ए., मग तीन वर्षे कायदा. नंतर १९८०च्या दशकात बार कौन्सिलने बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणला. १९८८ साली माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाचे वर्ग सुरू झाले, आणि त्या धर्तीवर राज्याराज्यांत विद्यापीठे निघाली. मुंबई, नागपूर व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथेही ती पुढे निघाली. आधी निघालेल्या प्रत्येकाची परीक्षा निराळी, अर्ज निराळा, प्रवासखर्च निराळा. वरुण भगत या विद्यार्थ्याचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००८ साली सात विद्यापीठांनी मिळून एक परीक्षा घेतली. तीच आजची क्लॅट. राज्याची विधी सीईटी २०१६ पासूनची.

या साऱ्याचा परिणाम लक्षात घ्यावा. पूर्वी जो निर्णय विशीत घ्यायचा तो आता सतराव्या वर्षी घ्यावा लागतो, म्हणून त्याची तयारी नववी-दहावीत येऊन पोचली. दोष मुलीच्या घाईचा नव्हे. दारच शाळेच्या अंगणात आणून ठेवले आहे.

आणि त्या दारात काय विचारतात? कायदा नव्हे. २०२०पासून क्लॅटमध्ये उतारे देतात आणि त्यांवर प्रश्न घालतात. दोन तासांत १२० प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. म्हणजे भराभर आणि नेमके वाचता येणे, ही खरी परीक्षा. तीही सगळी इंग्रजीतून. राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते, क्लॅटला ती सोय नाही. आणि क्लॅटचा नुसता अर्ज भरायला अलीकडे सर्वसाधारण उमेदवारास ४००० रुपये पडतात. कंत्राटी कामगाराच्या घरात एवढ्या पैशाचे काय काय होते ते ज्याने त्याने ताडावे.

वाचनाचे मोल आम्हांस फार महागात कळले. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराची बाजू युनियनच्या पदाधिकाऱ्याने मांडावी अशी सोय होती. समोरच्या पक्षाची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी असल्यावाचून वकिलास तेथे उभे राहता येत नसे. या सोयीमुळेच आमच्यासारखा दहावी शिकलेला माणूस कामगार न्यायालयात बोलू शकला. अशाच एका प्रकरणात हाती आलेला इंग्रजी कागद आम्ही कोश घेऊन रात्रभर वाचला. सारे कळले असे वाटले. परंतु एका वाक्याच्या शेवटी घातलेली अट आमच्या ध्यानात आली नाही. तिची मुदत टळून गेली आणि ज्याच्यासाठी भांडत होतो त्याची नोकरी गेली. तो माणूस आम्हांस कधी एका शब्दाने बोलला नाही. कारखान्याचा दोष होताच, परंतु ते वाक्य आम्हीच वाचले होते.

म्हणून त्या बापास आम्ही सांगितले की क्लास बारावीत पाहू. आजपासून तिला रोज एक अग्रलेख मराठी आणि एक इंग्रजी वाचू द्या, आणि वाचलेले पाच ओळींत लिहू द्या. वाकड १९९७ साली महापालिकेत आले. त्याआधीपासून इथल्या शेतकऱ्यांच्या घरी भूसंपादनाच्या नोटिसा आणि सातबारे ट्रंकेत पडून आहेत. तेही तिने वाचावेत. कायद्याची भाषा त्यांत भरपूर आहे आणि फी लागत नाही.

मुलगी आता दर रविवारी युनियनच्या कचेरीत येऊन बसते. परवा तिने आमचे एक मागणीपत्र वाचले आणि बोट ठेवून म्हणाली, "अण्णा, या वाक्याचे दोन अर्थ होतात." आम्ही दोनदा वाचले. होत होते. गेटसभेपूर्वी ते पान पुन्हा टाइप करून घेतले.