उच्च रक्तदाब व रक्तगुठळीचे निदर्शक

रक्तदाब कायम चढा असलेल्या व्यक्तीच्या धमन्यांत गुठळी होण्याचा कल सुचवणारे रक्तघटक. दाब वाढला की नळी फुटेल, हा तर्क साधा आहे आणि मेंदूतल्या रक्तस्रावापुरता तो खराही आहे. पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघाताचा मोठा भाग वाहिनी फुटून नव्हे, तुंबून होतो. सततच्या दाबाने वाहिनीचे अस्तर दुखावते, त्यातून व्हॉन विलेब्रँड घटक रक्तात अधिक उतरतो आणि बिंबाणू (प्लेटलेट) चटकन चिकटू लागतात. गुठळीचे धागे बनवणारे फायब्रिनोजेन आणि गुठळी विरघळू न देणारे पीएआय-1 हे प्रथिनही अनेक रुग्णांत वाढलेले आढळते.

म्हणून प्रत्येकाच्या रक्तात हे घटक मोजावेत, असे मात्र ठरत नाही. कोविडच्या साथीत सातारा-सांगलीतल्या घरांत डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणारा घटक, हा शब्द पोहोचला. मिरज आणि कराड ही दोन्ही वैद्यकीय शिक्षणाची केंद्रे असल्याने अशी तपासणी या भागात दुर्मीळ नाही. तिचा खरा उपयोग पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी असल्याचा संशय दूर करण्यासाठी होतो. आकडा कमी आला तर बऱ्याच रुग्णांत तो संशय बाजूला ठेवता येतो. वाढलेला आकडा वय, संसर्ग, गरोदरपण, शस्त्रक्रिया यांपैकी कशानेही येतो. फायब्रिनोजेनही धूम्रपानाने आणि कोणत्याही दाहाने चढते. शेकडो लोकांच्या सरासरीत दिसणारा फरक समोरच्या एका रुग्णाबद्दल फारसे सांगत नाही.

यावर आक्षेप असा, की गुठळीच मुख्य शत्रू असेल तर रक्त पातळ ठेवणारे औषध सर्वांना का देऊ नये? 1998 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉट’ चाचणीत सुमारे 19,000 रक्तदाबरुग्णांपैकी निम्म्यांना रोज 75 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले गेले. हृदयविकाराचे झटके सुमारे एक-तृतीयांशाने घटले, पक्षाघात घटला नाही आणि मोठे रक्तस्राव जवळपास दुप्पट झाले. पुढे याच माहितीच्या विश्लेषणात मूत्रपिंडे मंदावलेल्या रुग्णांना अधिक फायदा झाल्याचे दिसले. म्हणजे निवडीला उपयोगी पडला तो मूत्रपिंडांचे काम दाखवणारा जुना, स्वस्त क्रिएटिनिन! (विश्लेषण मागाहून केलेले, म्हणून तो अंतिम निर्णय मानू नये.) याउलट वरचा दाब 10 अंकांनी उतरला की पक्षाघात साधारण पावपटीने कमी होतो, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशेबातून 2016 मध्ये पुढे आले. 2017 मध्ये पाच राज्यांतील 25 जिल्ह्यांत सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा होता. त्याचा भर दाब मोजणे, ठरलेल्या क्रमाने गोळ्या देणे आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा यांवर होता, गुठळीच्या निदर्शकांवर नव्हता. ही निवड पुराव्याला धरूनच होती. रक्त पातळ करण्याचा ठाम आधार मिळतो तो आधी झटका येऊन गेलेल्यांत, किंवा नाडी अनियमित लागून ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघाले तर. एट्रियल फिब्रिलेशनमध्येही पक्षाघाताचा धोका मोजण्याच्या प्रचलित गुणपद्धतीत उच्च रक्तदाबाला एक गुण आहे, डी-डायमरला एकही नाही.